मंगळवार पेठेतला पारवा

आमच्या घरमालकांनी मला खोली दिली ती माझ्याकडे न बघता. ही बोलायची पद्धत नव्हे, खरोखरच. ते गच्चीवर उभे होते, मान मागे टाकून, डोळे आभाळात, आणि मी जिन्याच्या तोंडाशी हातात पिशवी घेऊन. मी म्हटलं, "नमस्कार. मी आजऱ्याची. इथल्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलेय. खोली बघायला आले होते."

"बघितली?" ते आभाळाला म्हणाले.

"हो."

"मग ऱ्हावा की. मटण शिजवा, मासं शिजवा, आमचं कायबी म्हननं न्हाई. फकस्त गच्चीवर पांढरं कापड वाळत घालायचं न्हाई."

"का?"

"खाली काकीला इचारा. मला आता टाइम न्हाई."

टाइम नव्हता, कारण वर, म्हणजे इतक्या वर की मला काहीच दिसत नव्हतं, त्यांची सात कबुतरं उडत होती.

पेठेत सगळे त्यांना आबा म्हणत. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत त्यांनी तीस वर्षं काढली होती. "जलमभर खाली बघून लोखंड वतलं, आता मरूस्तोवर वर बघणार," असं ते सांगत आणि तसंच वागत. गच्चीवर त्यांची ढाबळ होती, म्हणजे कबुतरांचं लाकडाचं आणि जाळीचं घर, आणि ते आम्हा कोणाच्याही खोलीपेक्षा हवेशीर होतं. घरात मात्र छताला एकही पंखा नव्हता. चुकून एखादं कबूतर आत आलं आणि पंख्यात सापडलं तर? उन्हाळ्यात काकी पुठ्ठ्याने वारा घेत बसत आणि नवऱ्याच्या कुळाचा उद्धार करत. मान दुखायला लागली तेव्हा डॉक्टरांनी आबांना गळ्याचा पट्टा दिला. पट्टा लावला की हनुवटी आपोआप वर राहते हे कळल्यावर आबा वर्षभर त्या डॉक्टरांना दुवा देत होते. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते मांडवाच्या छताकडे बघत जेवायचे, आणि वाढप्यांना वाटायचं की यांना वरून काहीतरी गळतंय.

पांढऱ्या कापडाचं कारण काकींनी सांगितलं. कोल्हापुरात कबुतरांच्या शर्यती लागतात. पहाटे कबुतरं सोडायची. ज्याची जास्त वेळ हवेत राहतील तो जिंकला. उंच उडणाऱ्या या जातीला गिरेबाज म्हणतात. त्यांना खाली उतरवायचं असलं की गच्चीवर एक पांढराशुभ्र लक्का आणून ठेवायचा. लक्का शेपटीचा पंखा फुलवून नवरदेवासारखा मिरवतो, आणि त्याला बघून वरची मंडळी खाली येतात. मी सगळं ऐकून घेतलं. पण मी पडले विज्ञानाची शिक्षिका. एवढ्या तीक्ष्ण नजरेच्या पक्ष्याला चादर आणि लक्का यांतला फरक कळत असणारच, असा मी आपला शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढला आणि दुसऱ्याच महिन्यात एका रविवारी पांढरी चादर दोरीवर टाकली.

आबांची कबुतरं त्या दिवशी सहा तास उडायची होती. दीड तासात ती ओळीने माझ्या चादरीवर येऊन बसली. पंच म्हणून आलेले दोघं एकमेकांकडे बघून चहा पिऊन निघून गेले.

आठ दिवस आबा माझ्याशी बोलले नाहीत. मी दोन हातांच्या अंतरावर उभी असताना ते काकींना म्हणायचे, "त्या बाईंना सांगा, नळाला पाणी आलंय." काकी माझ्याकडे वळून म्हणायच्या, "नळाला पाणी आलंय." मी म्हणायचे, "त्यांना सांगा, कळलं."

"आठ दिसांत मिटलं ह्येच नशीब समजा," काकी नंतर म्हणाल्या. "ह्यांचं लवकर मिटत न्हाई. मी जातो आता, भाकऱ्या ऱ्हाईल्यात." कोल्हापूरच्या जुन्या बायकांसारख्या काकी स्वतःबद्दल 'मी जातो, मी करतो' असंच बोलत. 'लवकर मिटत न्हाई' या त्यांच्या वाक्याकडे मात्र तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

आमचं खरं भांडण लागलं ते उत्तरपत्रिकांवरून. मी जिन्यात बसून पेपर तपासत होते. एका मुलाने लिहिलं होतं, 'माणूस माकडापासून झाला.' मी त्यावर लाल रेघ मारली.

"बरं केलंसा!" वरून आवाज आला. आबा कधी नव्हे ते खाली वाकून बघत होते. "साफ खोटं हाय ते. आमच्या मनातलं बोललासा."

"खोटं नाही आबा, अर्धवट आहे," मी म्हटलं. "माकड आणि माणूस या दोघांचा पूर्वज एकच होता, असं लिहायला हवं होतं."

झालं. त्या दिवसापासून आमच्या गल्लीला करमणूक सुरू झाली. मी नळावर दात घासत असायची आणि गच्चीवरून प्रश्न यायचा, "बाई, डोळा कसा तयार झाला?" मी चूळ भरून उत्तर द्यायची. रात्रीत नवा प्रश्न तयार व्हायचा, "मग वटवाघूळ काय म्हणून?" दूधवाला आबांच्या बाजूचा, गिरणीवाली माझ्या. आबांचा सगळ्यात आवडता मुद्दा जोतिबाचा. "पोरगा हुतो तवापासनं जोतिबाच्या डोंगरावर जातोय. तवा जी माकडं हातातला नारळ हिसकत हुती, त्येंचीच नातवंडं आजबी हिसकत्यात. सत्तर वर्सांत एकानं तरी चड्डी घातली काय?"

मी त्यांना चुलत घराण्याचं उदाहरण दिलं. म्हटलं, "तुमचा आणि तुमच्या चुलतभावाचा आजा एक. म्हणून तुम्ही काय चुलतभावापासून झालात? माकड आपलं चुलत घराणं आहे, एवढंच."

"म्हंजे भाऊबंद?"

"तसंच म्हणा."

"मग मिटलंच. उद्या सातबाऱ्याला नाव लावा म्हणून दारात येत्यात बघा."

गिरणीवाली खदखदून हसली. माझा हक्काचा मतदार त्या दिवशी पलीकडे गेला.

पुढे केंद्राच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळल्याची बातमी पेपरात आली. आबा पेपर नाचवत जिना उतरून खाली आले. "काढला म्हणं दिल्लीवाल्यांनी तुमचा धडा!" मला असा राग आला की बस. मी म्हटलं, "आमच्या पुस्तकात आहे अजून, आणि उद्या नसला तरी मी शिकवणार आहे. पुस्तकातून काढलं म्हणून नातं तुटतं का? रेशनकार्डावरून नाव काढलं म्हणून रक्त वेगळं होतं का?"

आबांचा पेपर नाचवणारा हात खाली आला. पेपरची घडी घातली आणि वर निघून गेले. मला वाटलं, जिंकले. आत काकींच्या हातातलं भांडं खाली पडलेलं मी ऐकलं होतं, पण माझं बोलणं नेमकं कुठे लागलं ते मला फार उशिरा कळलं.

आबांचं एक ब्रीदवाक्य होतं, 'रक्त बोलतं.' कबूतर चांगलं उडालं, रक्त बोलतं. वाईट उडालं, रक्त बोलतं. आपल्या ढाबळीतल्या प्रत्येक पाखराचे आईबाप, आजाआजी त्यांना तोंडपाठ होते, आणि कुठली मादी कुठल्या नराला लावायची याचा विचार ते जेवढ्या गांभीर्याने करत, तेवढा पेठेत कोणी मुलीच्या लग्नाचाही करत नसेल. उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव मात्र त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. माझ्या पुस्तकातलं चित्र बघून ते त्याला 'दाढीवाला' म्हणत. मीही आता तेच म्हणते.

दोन वर्षं मी त्यांना जीवाश्मांची चित्रं दाखवली, हाडांचे तक्ते दाखवले, माशाचा आणि माणसाचा गर्भ सुरुवातीला कसा सारखा दिसतो ते दाखवलं. भिंतीवर डोकं आपटल्यासारखं. शेवटी एका संध्याकाळी मी चिडून बोलून गेले, "आबा, ज्याला तुम्ही रोज शिव्या घालता, तो दाढीवाला स्वतः कबुतरं पाळायचा!"

आबांची मान हळूहळू खाली आली. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"किती जोड्या?"

"बऱ्याच. घराच्या आवारात ढाबळ बांधली होती."

"लक्का हुता?"

"होता."

"लोटन? कोलांट्या खाणारं?"

"तेही होतं. लंडनच्या कबुतरवाल्यांच्या मंडळात जाऊन बसायचा तो."

"उडवायचा, का नुस्ता बघत बसायचा?"

हे काही मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "बहुतेक बघत बसायचा."

"म्हंजे निम्मा कबुतरवाला," आबा म्हणाले आणि विचारात पडले. मग म्हणाले, "पर मानूस खोटा नसणार. कबुतरं पाळणारा बायकोसंगं भांडंल, पावण्यांना इसरंल, खोटं बोलायला त्येला सवड कुठनं मिळणार? आदी सांगायचं न्हाई व्हय बाई? दोन वर्सं आमच्या तोंडनं चांगल्या मानसाला शिव्या दिल्या."

पुरावा समोर ठेवला की माणूस बदलतो, अशी माझी श्रद्धा होती. त्या संध्याकाळी ती गेली ती गेलीच.

आठवड्याभरात दाढीवाल्याचा फोटो ढाबळीत लागला. मीच शाळेतून छापून आणला होता. मित्र विचारायचे, "ह्यो कोण?" आबा म्हणायचे, "लंडनचा कबुतरवाला. आपलाच मानूस." काकींना ती पांढरी दाढी आणि खोल गेलेले डोळे बघून कोणी सत्पुरुष वाटला. त्या गुरुवारी फोटोला हळदकुंकू लागलेलं होतं.  त्या सत्पुरुषाने कबुतरांची हाडं मोजण्यासाठी कितीतरी पाखरं मारून उकळली होती, हे मी त्या घरात कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फोटोबरोबर मीही रस्त्यावर आले असते.

मग आबांचा हट्ट सुरू झाला, दाढीवाल्याने कबुतरांबद्दल काय काय लिहिलंय ते वाचून दाखवा. दिवेलागणीला पाखरं आत गेली की मी गच्चीवर इंग्रजीतून मराठी करून सांगायची आणि ते मांडी घालून ऐकायचे. जगातली सगळी पाळीव कबुतरं एकाच मूळ पुरुषापासून आली, आणि तो म्हणजे आपल्या देवळांवर, पुलांखाली घुमणारा साधा पारवा, हे ऐकून ते खवळले. "लक्का आन पारवा? राजा आन भिकारी एका ताटात जेवले म्हणा की!" तरी ऐकत राहिले. माणसानेच पिढ्यान्‌ पिढ्या निवडून निवडून लक्का केला, गिरेबाज केला, हे मात्र त्यांना लगेच पटलं. "त्येच तर करतोय की आम्ही," ते म्हणाले. "निसर्गबी त्येच करतोय म्हणा. फकस्त त्येला घाई न्हाई."

इतकं सोपं उत्तर मला बी.एडला कोणी शिकवलं नव्हतं.

एके दिवशी मी पुढचं वाचलं. दाढीवाल्याने वेगवेगळ्या जातींची कबुतरं एकमेकांना लावली, त्यांची पिल्लं पुन्हा आपसात लावली, आणि एक दिवस पिल्लू निघालं ते हुबेहूब पारवा. राखाडी अंग, पंखावर दोन काळ्या पट्ट्या. जवळपास पारवा नसताना. मुळाचं रक्त असं मध्येच वर येतं.

आबांच्या मांडीवरचा दाण्यांचा डबा कलंडला.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"खोटं हाय."

"आबा, तुम्हीच म्हणालात ना, कबुतरवाला खोटं बोलत नाही?"

ते उठले, ढाबळीत शिरले आणि आतून कडी घातली. खाली आले तेव्हा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी काकींनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं.

"दहा वर्सं झाली बाई. ह्येंनी पांढरा लक्का आन काळा गिरेबाज एक केला. म्हणं, आभाळातबी ऱ्हाईल आन पंखाबी फुलवंल असं कबूतर काढतो. पेठभर सांगून ठेवलं. त्येंच्या पिल्लांची जोडी लावली आन आम्ही दोघं सांगलीला लग्नाला गेलतो, तीन दिस. ढाबळ धाकट्या भावजींवर सोपवली. तवा आमचं एकच घर हुतं, एकच चूल. दोन म्हयन्यांनी चार मानसं बलवून ह्येंनी पिल्लू दावलं, तर त्यो पारवा! मानसं हसून हसून गडाबडा लोळली. 'आबा, देवळावरनं आणलासा व्हय?' ह्ये भावजींना म्हणालं, दार उघडं टाकलास, पारवा आत शिरला. भावजी म्हणालं, न्हाई टाकलं. ह्ये म्हणालं, पिल्लाचं रक्त बोलतं, तू खोटा. चारचौघांत म्हणालं बघा. आन भावजींचं नाव रेशनकार्डावरनं काढून टाकलं, अंगणात भिंत घातली."

अंगणाच्या मधोमध असलेली ती भिंत मी दोन वर्षं रोज बघत होते. तिच्यावरून दोन्ही जावा आमटीच्या वाट्या एकमेकींना देत. पलीकडे राहतात ते आबांचे सख्खे भाऊ, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. माकडाशी नातं जुळवण्यात मी गुंतले होते.

"पुतणीचं लगीन झालं," काकी म्हणाल्या. "ह्येंनीच लहानाची मोठी केलती तिला खांद्यावर घेऊन. गेलं न्हाईत. मुहूर्ताच्या टायमाला गच्चीवर चढलं आन सगळी ढाबळ एकदम उघडली. एकेक पाखरू उडवलं. मी म्हटलं, हे काय? तर म्हणालं, अक्षता." काकींनी पदराने डोळे पुसले. "बाई, तुमच्या पुस्तकात लिवलंय ते खरं असंल, तर भावजी खरं बोलत हुतं. व्हय न्हवं?"

मी म्हटलं, "असू शकतं."

"असू शकतं म्हंजे?"

शास्त्राचं असं असतं. ते 'असू शकतं'च्या पुढे सहसा जात नाही, आणि काकींना त्याचा काही उपयोग नव्हता.

चार दिवसांनी आबा माझ्या दारात आले. समोर बघून बोलत होते, त्यावरून प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखलं. "बाई, आपुन करून बघायचं. नवा लक्का, नवा गिरेबाज. पिंजरा तुमच्या सज्जात. दुहेरी जाळी. कुलूप तुमचं, किल्ली तुमची. माशी आत जाता कामा नये. पिल्लांची पिल्लं निघूस्तोवर बघायचं. पारवा निघाला तर दाढीवाला खरा."

"आणि नाही निघाला तर?"

"तर वर्गात उभं ऱ्हाऊन पोरांना सांगायचं, मी थापा मारल्या म्हणून."

मी हो म्हटलं. माझ्या नोकरीचं, अब्रूचं मला तेवढं वाटत नव्हतं. खरी भीती वेगळीच होती. पारवा निघाला नाही, तर त्या दोन भावांच्या मधली भिंत माझ्या हाताने पक्की होणार होती. आतापर्यंत आबांकडे संशय होता, मग त्यांच्याकडे प्रयोग असणार होता. आणि पारवा निघेलच याची खात्री दाढीवाल्यानेही दिलेली नव्हती.

ते वर्ष मी कबुतरांच्या विष्ठेत काढलं. कपड्यांना वास, डब्याला वास, वर्गात मुलं नाक धरायची. पहाटे साडेचारला घुमणं सुरू. किल्ली मी गळ्यातल्या साखळीत अडकवली होती, शाळेत बायका विचारायच्या, "लग्न ठरलं काय?" दाणापाण्याला मी कुलूप उघडायचे, तेव्हा आबा हात मागे बांधून तीन पावलं लांब उभे राहायचे. आपला हात लागू नये, उद्या कोणी बोट दाखवू नये. पहिली पिल्लं निघाली ती काळीपांढरी, ठिपक्याठिपक्यांची. ती मोठी व्हायला सहा महिने गेले. त्यांच्या दोन जोड्या लावल्या. पहिल्या जोडीची पिल्लं, एक काळं, एक ठिपक्याचं.  दुसरीची, एक काळं, एक पांढरंशुभ्र. आबा म्हणाले, "हरलासा, बाई." पण आवाजात मजा नव्हती. जिंकणारा माणूस असा बोलत नाही. काकी रोज पिंजऱ्यापाशी येऊन हळूच विचारायच्या, "निघंल न्हवं?" आणि फोटोला आता गुरुवारसोबत सोमवारीही हळदकुंकू लागायला लागलं.

दिवाळीच्या तोंडावर पहिल्या जोडीची पुन्हा पिल्लं निघाली. पुढच्या आठवड्यात आबा सज्जाकडे यायचे बंद झाले. मला वाटलं, कंटाळले. पाडव्याला सकाळी खाली गल्लीतून सजवलेल्या म्हशी मिरवत चालल्या होत्या, शिंगं रंगवलेली, गळ्यात घंटा, पोरं ओरडत होती. मी पिंजऱ्यात दाणे टाकायला गेले. एका पिल्लाचे पंख नुकते फुटले होते. अंग राखाडी. मी त्याला हातात घेऊन उजेडात धरलं. पंखावर दोन काळ्या पट्ट्या, पट्टीने आखल्यासारख्या.

मी जिना एका दमात चढले. आबा ढाबळीसमोर बसले होते, हातात काही नाही.

"बघितलंय मी," ते म्हणाले. "चार दिस झालं. मानसाला पिसं फुटल्यावर दिसतं, मला कोंब बघूनच कळतंय." मग म्हणाले, "बाई, हरलो ह्येचं कायबी न्हाई. पर अकरा वर्सं म्हंजे लई झाली."

त्यांना मी पहिल्यांदाच असं बघत होते. माझा सिद्धान्त खरा ठरल्याचा आनंद मला मुळीच झाला नाही. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

तासाभराने त्यांनी धुवट सदरा घातला, पिल्लू टॉवेलात गुंडाळलं आणि मला म्हणाले, "साक्षीला चला." काकी मागे होत्याच. भिंतीला वळसा घालून रस्त्याने पलीकडच्या दारात जायला वीसेक पावलं लागतात. आबांना वाटेत दोनदा थांबावं लागलं.

धाकटे भाऊ पुढच्या सोप्यात पेपर वाचत होते. मोठ्या भावाला दारात बघून उभे राहिले आणि उभेच राहिले. आतून जाऊबाई आल्या. कोणी 'या' म्हणालं नाही, कोणी 'बसा' म्हणालं नाही. आबांनी टॉवेल उघडून पिल्लू पुढे केलं.

"बघ."

"पारवा हाय," धाकटे म्हणाले.

"पारवा न्हवं. लक्क्याचा आन गिरेबाजचा नातू. बाईंच्या कुलपात जलमला. वर्सभर किल्ली बाईंच्या गळ्यात हुती, इचार." आबांना दम लागला होता. "म्हंजे तवाबी त्येच झालतं. मुळाचं रक्त वर आलतं. पारवा शिरला न्हवता. तू दार उघडं टाकलं न्हवतंस."

माफीचा शब्द त्यांच्या तोंडात बसत नव्हता. एवढंच त्यांना जमण्यासारखं होतं आणि ते त्यांनी केलं. धाकट्यांनी हातातला पेपर खाली ठेवला.

"दादा," ते म्हणाले, "टाकलतं."

"काय?"

"दार. त्या दिशी तालमीत कुस्ती हुती, गडबडीत गेलतो. माघारी आलो तर ढाबळ सताड उघडी. तू मारशील म्हणून न्हाई म्हणालो. मग तू चारचौघांत बोललास. मग म्हटलं, आता मेलो तरी सांगणार न्हाई. अकरा वर्सं खोटं बोललो दादा."

काकींनी तोंडावर हात ठेवला.  एक वर्ष, दोन जाळ्या, एवढी विष्ठा, आणि शेवटी आबाच खरे निघाले होते. आता ते मागे फिरणार, आणि या वेळी कायमचे, अशी माझी खात्री झाली.

आबा पिल्लाकडे बघत होते. ते त्यांच्या बोटाला चोच मारत होतं.

"गप ए," ते एकदम ओरडले. "दार उघडं ऱ्हाईलं म्हणून पारवा आत शिरतोयच काय? बाईंनी वर्सभर खपून शास्त्रानं शाबीत केलंय, पारवा आला न्हवता. तू काय बाईंपेक्षा शाना लागून गेलास?" आणि माझ्याकडे वळले. "बाई, सांगा की ह्येला."

प्रयोगाने असं काहीही शाबीत झालेलं नव्हतं. पारवा न येताही तसं पिल्लू निघू शकतं, एवढंच झालं होतं. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या तीन दिवसांत, उघड्या दारातून काय आत गेलं आणि काय नाही, ते आता कोणालाच कळणार नव्हतं. जेवढं दिसलं तेवढंच लिहा, एक शब्दही जास्त नको, म्हणून मी वर्गात मुलांचे गुण कापत आले आहे. चौघं माझ्याकडे बघत होते.

मी म्हणाले, "पारवा आला नव्हता."